खंडेनवमीचं मचाण

पुरुषोत्तम सामंत हा माणूस कुणाचं ऐकायचा नाही. वाईट नव्हता हो, मुळीच नाही! अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावात शिकायला आलेल्या कुठल्याही मराठी पोराला एअरपोर्टवरून आणायचं म्हटलं की हा अर्ध्या ताटावरून उठून गाडी काढायचा. पण ‘असं करू नका’ म्हटलं की याच्या कानात बोळे. डॉक्टरने मीठ कमी करायला सांगितलं, त्या संध्याकाळी याने सोलकढीत चिमूटभर जास्तच घातलं. युनिव्हर्सिटीत डेटाबेस सांभाळायची नोकरी होती. तिथे बॅकअप घेतल्याशिवाय एक ओळ बदलायचा नाही. घरी मात्र सगळा बिनधास्त कारभार. बायको, आसावरी, म्हणायची, “अहो, त्या सर्व्हरला जपता ना, त्याच्या निम्मं तरी स्वतःला जपा.” तो नुसता हसायचा. हसून विषय टाळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

आणि या गृहस्थाने पन्नाशी उलटल्यावर हातात धनुष्यबाण घेतलं.

आता खूळ म्हणा, पण त्यालाही कारण होतं. लेक निधी नोकरीसाठी क्युपर्टिनोला गेली आणि घर खायला उठलं. ऑफिसात सप्टेंबर उजाडला की जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नसायचा. कुणी कुठे हरीण पाहिलं, वारा कुठून होता, कुणाचा बाण कसा चुकला. वीस वर्षं हा बापडा त्या गप्पांत पोळीभाजी चावत मुका बसलेला. त्यात एका उन्हाळ्यात हरणांनी परसातला अळवाचा वाफा एका रात्रीत साफ केला. आधी त्याने हरणांना कुडाळच्या खास शिव्या घातल्या, मग ‘नुसतं बघून येतो’ म्हणून धनुर्विद्येच्या क्लासला गेला. पहिलाच बाण निशाणाच्या मधोमध लागला. झालं! आसावरीला तेव्हाच कळलं की आता हे प्रकरण घरात शिरलं.

तिचा राग शिकारीवर नव्हता. सामंतांच्या घरात बांगडा आणि कोंबडी सुखाने नांदत होती, हरणाचा विटाळ कुठून मानणार? तिला धास्ती होती ती झाडाची. बाणाने शिकार करायची तर हरीण अगदी जवळ यावं लागतं, आणि जमिनीवर बसलेल्या माणसाचा वास त्याला लांबूनच लागतो. म्हणून ही मंडळी झाडावर मचाण बांधून बसतात. आसावरी सांगलीची. घरातला बल्ब बदलायलाही ती स्टुलावर चढायची नाही. आणि आता नवरा झाडावर बसणार होता.

“मचाण घ्यायला मीपण येणार,” तिने जाहीर केलं.

गावाबाहेरच्या शिकारीच्या दुकानात काउंटरवरच्या बाईने पहिलाच प्रश्न टाकला, “पहिलंच वर्ष का?”

“तसं म्हणायला,” पुरुषोत्तम म्हणाला.

“हो,” आसावरी म्हणाली.

बाईने ओळखलं कुणाशी बोलायचं ते. तिने तीन प्रकार दाखवले. एक शिडीचं मचाण, म्हणजे लांब लोखंडी शिडी आणि तिच्या टोकाला खुर्ची. जड, उभं करायला दोन-तीन माणसं लागणार, पण माडीवर जावं तसं चढायचं आणि तसंच उतरायचं. दुसरं माणसासकट खोडावरून सरकत वर जाणारं. त्याला विजेच्या खांबासारखं सरळ, बिनफांद्यांचं झाड हवं. तिसरं टांगायचं. चौरंगाएवढी फळी आणि वर टीचभर बैठक, सगळं एका पट्ट्याने खोडाला आवळायचं. वर जायला शिडीचे सुटे तुकडे मिळतात, ते एकावर एक झाडाला बांधत जायचं. हलकं, आणि कुठल्याही झाडाला चालणारं.

“पण पहिल्या वर्षी हे कुणाला देत नाही मी,” बाई म्हणाली. “शेवटच्या तुकड्यावरून फळीवर पाऊल टाकतानाच माणसं पडतात. आणि याचे पट्टे उन्हापावसात ठेवायचे नाहीत, खारी कुरतडतात. कुठलंही घ्या, हार्नेस मात्र घालायचा, म्हणजे अंगावर पट्टे आवळून स्वतःला झाडाला बांधून घ्यायचं. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत.”

“शिडीचं घेऊ या,” आसावरी लगेच म्हणाली.

“शिडी म्हाताऱ्यांना,” पुरुषोत्तम म्हणाला. “अगो, मी कुडाळचा. दहाव्या वर्षी पोफळीवर चढायचो, पायात दोरीचा वेढा घालून. या पोफळीवरून त्या पोफळीवर जायचो! मला काय शिडी दाखवतेस?”

“तेव्हा तुमचं वजन किती होतं?”

तो हसला. आणि टांगायचं मचाण घेऊन आला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

ऑगस्टमध्ये दोघांनी मिळून ते बांधलं. ऑफिसातून रिटायर झालेल्या कॅरलचं गावापासून अर्ध्या तासावर रान होतं, तिने खुशाल या म्हटलं होतं. रानाच्या कडेला, ओढ्यावर झुकलेला एक दांडगा ओक. पोफळ नव्हे ती, एका माणसाच्या कवेत मावेल तर शपथ! आसावरी खालून एकेक तुकडा दोराला बांधून वर पाठवत होती आणि वर बघायचं टाळत होती. चार तुकडे लागले. वर फळी बसली तेव्हा ती घराच्या दुसऱ्या मजल्यापेक्षा उंच होती. पुरुषोत्तमने मात्र त्या दिवशी हार्नेस घातला होता, खोडाभोवतीचा दोर सरकवत सरकवत नियमाने चढला होता. हॉलमध्ये आदल्या रात्री त्याची तालीम झाली होती. मांड्यांचे, छातीचे पट्टे आसावरीनेच आवळले होते आणि “नंदीबैल सजवलाय नुसता” म्हणून पोट धरून हसली होती.

मचाण बांधून झालं आणि तिथेच राहिलं. पट्टे काढून आणायची तिने दोनदा आठवण करून दिली. तो म्हणाला, “सीझन आलाच की आता.”

शिकारीचा सीझन उघडला तेव्हा नवरात्र चालू होतं. नवरात्रात घरात अंडंसुद्धा येत नसे, तिथे हरीण कुठलं? पुरुषोत्तमने स्वतःच तोडगा काढला. दसऱ्याला शनिवार होता. “मुहूर्ताची शिकार दसऱ्याला पहाटे. सीमोल्लंघनच म्हण ना!” तो इतका खुशीत होता की आसावरीला विरोध करवेना.

शुक्रवारी खंडेनवमी. सकाळी तिने पॅन्ट्रीतल्या देवघरापुढे पाट मांडला, लाल कापड घातलं आणि घरातली सगळी आयुधं त्यावर ठेवली. स्क्रूड्रायव्हर, विळी, निधीचा जुना कंपास, धनुष्य, बाण, आणि बॅगेतून काढलेला हार्नेस, त्याचे पट्टे, दोर सगळं. हळदकुंकू वाहिलं, वर शेजारणीच्या बागेतली झेंडूची फुलं.

“लॅपटॉप नाही ठेवलास?” त्याने विचारलं.

“मला मीटिंग आहे. त्याच्या जागी माऊस ठेवलाय.”

“देवी फसते वाटतं माऊसला?”

“चेष्टा पुरे. उद्या पहाटे पूजा हलवेपर्यंत यातल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही. तुमच्यासारख्यांना सांगून ठेवलेलं बरं.”

“बरं,” तो म्हणाला. हे ‘बरं’ तो मिठाबद्दलही म्हणायचा.

दुपारी तिची बॉथेलच्या ऑफिसातल्या टीमबरोबर लांबलचक मीटिंग सुरू होती. कानाला हेडफोन. पुरुषोत्तमने दारातून डोकं आत घातलं, हाताने काहीतरी कापल्याची खूण केली आणि म्हणाला, “रानात जाऊन येतो. एक फांदी मध्ये येतेय. पाच मिनिटांचं काम.” तिने मान हलवली. गाडी गेल्याचा आवाज झाला. मीटिंग संपली, पाठोपाठ दुसरी आली, तीही संपली. ती उठली तेव्हा खिडकीतलं ऊन शेजारच्या छपरावर गेलं होतं. दिवा लावायला म्हणून ती देवघराशी आली आणि वात सारखी करता करता तिची नजर पाटावर गेली.

हार्नेस तिथेच होता. फुलांसकट.

तिला आधी नुसता राग आला. विसरला! अख्खा माणूस तिकडे गेला आणि जीव वाचवायची वस्तू इथे! तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा पुन्हा लावला. पाच मिनिटांचं काम, आणि माणसाचा अजून पत्ता नाही. मग मात्र रागाची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली. तिने हात जोडले न जोडले, “आई, माफ कर गं बाई,” म्हणत हार्नेस, दोर, जे हाताला लागलं ते सगळं ओढून घेतलं. झेंडू स्वयंपाकघरभर झाले. दिवा तसाच राहिला.

गाडी चालवताना ती स्वतःशी मोठ्याने बोलत होती. “काही झालेलं नसणार. ओढ्याशी बसला असेल. हरणं बघत बसला असेल. बसलेला सापडू दे, मग बघते त्याला.” वाटेत दोन्ही बाजूंना झाडं लालपिवळी पेटली होती, एरवी तिने गाडी थांबवून फोटो काढले असते. कॅरलच्या घराला कुलूप होतं, ती बहिणीकडे गेली होती. पुरुषोत्तमची गाडी रस्त्यालगत कुंपणाशी उभी होती. आत सीटवर त्याचा फोन पडलेला. फोनवर तिचे सात कॉल.

ती धावत सुटली. चप्पल बदलायचंही सुचलं नव्हतं, घरातल्या सपाता पायात, पानांवरून घसरत. “अहो!” ती ओरडली. “अहो!”

“इथे,” वरून आवाज आला. बारीक, घोगरा आवाज. तिने हा आवाज आधी कधी ऐकला नव्हता.

पुरुषोत्तम खोडाला मिठी मारून उभा होता. शिडीच्या सगळ्यात वरच्या तुकड्यावर एक पाय, दुसरा पाय अधांतरी. मचाण नव्हतं. ते खाली पाल्यात उलटं पडलं होतं, तुटका पट्टा शेपटीसारखा लोंबत. पडताना मचाणाने तिसरा तुकडा झाडावरून उखडून नेला होता. खाली दोन तुकडे जागेवर होते, वर याच्या पायाखाली एक, आणि मध्ये नुसतं खोड.

“पट्टा तुटला,” तो म्हणाला. “पाऊल टाकलं आणि गेलंच ते खाली. मी कसा राहिलो कुणास ठाऊक. पाय खाली सोडतो पण लागत नाही कुठेच.”

“कधीपासून?”

“तास झाला असेल. आशू, बोटं बधिर झालीत.”

तिने फोन काढला. सिग्नल नाही. खाली ओढ्याच्या या दरीत तो कधीच नसायचा. रस्त्यावर जाऊन फोन करावा, ॲम्ब्युलन्स येईल, शिडी येईल, पण किती वेळाने? ती दोन पावलं मागे सरली मात्र, वरून हाक आली.

“जाऊ नको! हात सुटतले गो माझे!”

अमेरिकेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून आईकडची बोली अशी बाहेर पडली आणि आसावरीच्या काळजाचं पाणी झालं. ती परत फिरली.

“तू हलू नकोस,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने नवऱ्याला तोंडावर अरेतुरे केलं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. “मी तो तुकडा परत बांधते. तू सांग कसा बांधायचा.”

“तू? तुला स्टुलावर...”

“गप्प बस आणि सांग!”

तिने हार्नेस अंगावर चढवला. त्याच्या मापाचा, तिच्या अंगात खांद्यावरून उतरत होता. मांड्यांचे पट्टे खेचले, छातीचा खेचला, हाताला हळद लागली. खाली पडलेला तुकडा तिने दोराने कमरेला बांधला. खोडाभोवतीचा दोर फिरवताना तो पलीकडून हाती येईना, खोड केवढं! काठीने ढकलून ढकलून एकदाचा आला. तिने कडी अडकवली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली.

पहिली पायरी. दुसरी. दोर वर सरकवायचा, मग पाय. दोर, मग पाय. तिसऱ्या पायरीला ती खोडाला कपाळ टेकून थांबली. सालीचा ओला वास आला. आता नाही जमणार. हे तिला स्पष्ट कळलं, जसं ताप आलेला कळतो. इथून मी वर जाणार नाही आणि खालीही जाणार नाही.

वरून एक बारीक तुकडा सालीचा तिच्या केसांत पडला. त्याचा पाय सरकला होता.

“पुरू!”

“आहे, आहे. तू ये.”

ती निघाली. घाबरतच निघाली. भीती काही गेली नव्हती, तिच्याकडे बघायला वेळ नव्हता इतकंच. दुसऱ्या तुकड्याच्या टोकाला पोचली तेव्हा त्याचा बूट तिच्या डोक्याच्या वर हातभर राहिला होता, आणि थरथरत होता.

“आता मागे झुक,” तो म्हणाला. “दोर धरील तुला. दोन्ही हात मोकळे सोड.”

“वेडा आहेस?”

“धरील गो. मी केलंय. झुक.”

ज्या माणसाचं एकही काम तिने दोनदा तपासल्याशिवाय सोडलं नव्हतं, त्याच्या शब्दावर तिने हात सोडले. दोर कचकन ताणला. कंबर धरली गेली. ती हवेत मागे कललेली, पाय पायरीवर, दोन्ही हात मोकळे. तिला रडूच फुटलं, पण हात कामाला लागले होते. तुकडा खोडाला लावला. पट्टा पलीकडे फेकला, आला नाही. फेकला, आला नाही. तिसऱ्यांदा टोक बोटाला लागलं.

“कडीत घाल. उलटं नको, खालून. आता ओढ. सगळा जोर लाव.”

“लावतेय!”

“त्यावर लोंबकळ. हलतं का?”

“थोडं.”

“मग आणखी ओढ.” त्याचा आवाज तुटत होता. “आशू, लवकर. खरंच आता...”

तिने पट्टा दोन्ही मुठींत गुंडाळला आणि पाय झाडाला लावून ओढला. तळहात सोलले. तुकडा गच्च बसला. मग तिने हात वर केला, त्याचा अधांतरी लोंबणारा बूट घोट्याशी धरला. ओला, जड, निर्जीव पाय.

“मी धरलाय. सोड खाली. अजून. अजून खाली. डावीकडे. हां, टेकला. टेकला पुरू. आता वजन दे.”

त्याने वजन दिलं. तुकडा कुरकुरला. धरून राहिला.

पायरी पायरीने ती खाली आली आणि तिच्यामागून तो. प्रत्येक पायरीला ती त्याचा पाय हाताने नेऊन ठेवत होती, निधी चालायला शिकत होती तेव्हासारखा. शेवटच्या पायरीवरून तो उतरला नाही, कोसळलाच. पाल्यात बसला, हात पुढे धरून. बोटं वळलेली होती, उघडत नव्हती. तिने कडी सोडवली, त्याच्याजवळ आली आणि त्याच्या खांद्यावर एक सणसणीत रट्टा दिला. मग आणखी एक. मग त्याची बोटं हातात घेऊन चोळायला लागली.

ओढ्यापलीकडे दोन हरणं येऊन उभी राहिली. पाणी प्यायली, यांच्याकडे बघितलं आणि सावकाश निघून गेली. दोघांपैकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

“विसरलात कसे?” शेवटी तिने विचारलं. राग परत आला होता आणि अहोजाहोही. “फांदी तोडायला गाडीतली करवत आठवते, आणि हार्नेस विसरता? इतकं कसं निष्काळजी असतं माणूस?”

“विसरलो नव्हतो,” तो म्हणाला.

“मग?”

त्याने तिच्याकडे बघितलं. तोंड ओरबाडलेलं, दाढीत साल अडकलेली. तो नेहमीसारखा हसेल असं तिला वाटलं, पण तो हसला नाही.

“निघताना देवघरासमोर उभा होतो. उचलणारच होतो. मग आठवलं, तू म्हणाली होतीस उद्यापर्यंत हात लावायचा नाही. म्हटलं, दर वेळी हिचं मोडतो. एवढं तरी ऐकावं.”

आसावरीने त्याची बोटं सोडली. मग त्या ओल्या पाल्यात बसून, हळदीने पिवळे झालेले हात तोंडाला लावून ती हमसून हमसून रडली.

“अठ्ठावीस वर्षं,” ती म्हणाली. “अठ्ठावीस वर्षांत माझं एक ऐकलंस, आणि तेही हेच?”